समुद्रविहार, हिंगोली

२५ ऑक्टोबर १९३६, दसरा

आज मुहूर्तावर पाटी लागली. ‘समुद्रविहार. चहा, फराळ व स्वच्छ जेवण. टेबल-खुर्चीची सोय.’ खाली तेच उर्दूत लिहवून घेतले, कारण कचेरीतल्या मंडळींना मराठी वाचता येत असले तरी ते वाचत नाहीत.

सहा वर्षे वेळशेतला काढून आलो आहे. वेळशेत म्हणजे समुद्रकाठ. मुंबईची बडी माणसे तिथे हवा खायला येतात आणि हवेबरोबर आणखीही पुष्कळ खातात. तिथल्या ‘सागरदर्शन’ हॉटेलात माझ्या हाताखालून गेल्याशिवाय एक बशी टेबलावर जात नसे. ही वही मॅनेजरसाहेबांनीच निघताना दिली. धंदा करणाऱ्याने मनातले रोज लिहून काढावे, म्हणजे ते गिऱ्हाइकाला ऐकावे लागत नाही, असे ते म्हणत.

माझ्या बायकोने, सरलाने, उंबऱ्यावर नारळ फोडला आणि दोन्ही भकले देवापुढे ठेवली. हिंगोलीत नारळ देवाला फोडतात, माणसाने खायचा असतो हे इथे कोणाला ठाऊक नाही. मी एक भकल उचलून चटणीला घेतले. गंगूताई, म्हणजे माझी थोरली बहीण, दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

२७ ऑक्टोबर

परक्या माणसाने या गावात कुठे खावे, कुठे प्यावे? आजवर उत्तर एकच होते: आल्या गाडीने परत जावे.

स्टेशनासमोर भावसिंगचे चहाचे दुकान आहे. सकाळच्या गाडीला आधण चढते ते संध्याकाळच्या गाडीपर्यंत उतरत नाही. मधे मधे पाणी आणि गूळ घालतो, म्हणून त्याला चहा म्हणायचे. पेले ज्या बादलीत बुचकळतो तिच्यातल्या पाण्याचा रंग चहासारखाच, त्यामुळे चुकून ते कोणी प्यायले तरी तक्रार येणार नाही. कचेरीजवळ खानावळ आहे, तिथल्या वरणात डाळ शोधायची तर पट्टेवाला पाठवावा लागेल. बाजारातल्या मिठाईवर पहिला मान माश्यांचा, उरले तर गिऱ्हाइकाला.

आणि बाकीचे लोक? ते कुठे जेवतच नाहीत. बाजारच्या दिवशी खेड्यापाड्यातून माणसे येतात ती घरून फडक्यात भाकरी बांधून आणतात. झाडाखाली बसून फडके सोडायचे आणि कुठे नुसते कालवण मिळते का म्हणून हिंडायचे, याला हे लोक बाजारातले जेवण म्हणतात. वेळशेतला कोणी फडके सोडले असते तर मॅनेजरसाहेबांनी त्याला वाळूत नेऊन बसवले असते.

दुसरी पाटी लावली: ‘घरची भाकर आणून येथे खाऊ नये.’

८ नोव्हेंबर

भिंतीवर समुद्र काढायला रंगारी बोलावला होता. त्याने समुद्र पाहिलेला नाही. मी दोन तास समजावून सांगितले: पाणी, क्षितिज, शिडाचे मचवे, खडक, खडकावर फुटणारी लाट. तो मान डोलावत होता. दुपारी येऊन पाहतो तर आपल्या जलेश्वराचा तलाव, फक्त मोठा. शोभेसाठी त्याने त्यात दोन म्हशी बसवल्या होत्या.

मी म्हशी पुसायला सांगितले. पुसल्या तर डाग राहतील म्हणून त्याने त्यांचे खडक केले. पण शिंगे राहून गेली.

१७ नोव्हेंबर

आज बाजार. पहिले खेड्यातले गिऱ्हाईक आत आले. साखऱ्याचा ग्यानबा, हरभरा घेऊन आला होता. काखेत भाकरीचे फडके. खुर्चीवर पाय वर घेऊन बसला.

“महाराज, कालवण काय हाय?”

“कालवण नाही. घावन आहेत, नारळाची चटणी आहे, सोलकढी आहे.”

सोलकढीचा पेला त्याने उजेडात धरला. “हे ताक असं लाल काहून?”

“ते ताक नव्हे. नारळाचं दूध आहे. आमसूल घातलंय.”

“नारळाला दूध येते व्हय? आमच्याकडं म्हशीला येते.” मग भिंतीकडे पाहून म्हणाला, “त्या दोन हायेत नं, तशा.”

त्याने डोळे मिटून एका दमात पेला रिकामा केला आणि तोंड पुसले. “औषिदावानी हाय. आता बरं वाटंल.” मग शांतपणे फडके सोडू लागला. मी पाटी दाखवली. त्याला वाचता येत नव्हते, म्हणून वाचून दाखवली. त्याने पुन्हा गाठ मारली, मला नमस्कार केला आणि गेला. राग नाही, काही नाही. या लोकांना अपमानही कळत नाही.

सरला चुलीजवळून बघत होती. “उपाशीच गेले का ते?”

“रीत कळली त्याला,” मी म्हणालो.

“रीत कळली अन् भाकर तशीच ऱ्हायली,” ती म्हणाली. या घरात टेबलाची रीत समजणारा मी एकटाच आहे.

१२ डिसेंबर

मॅनेजरसाहेबांचे पत्र आले. पाडव्यापासून सीझन सुरू होतो, तुझी जागा ठेवली आहे, येणार की नाही ते कळव. माणसाची किंमत अशी कळते. इथे पुढच्या आठ टेबलांवर काल दिवसभरात तीन माणसे बसली. त्यांतला एक रेल्वेचा गार्ड, तो खुर्ची पाहून बसला होता. दुसरे कचेरीतले मुन्शीजी. चहा किटलीतून आपणच कपात ओतून घ्यायचा असतो हे पाहिल्यावर म्हणाले, “ये तकलीफ कायको?” तिसरा रंगारी, मजुरी मागायला आलेला.

पत्र सरलाला वाचून दाखवले.

“मग?” ती म्हणाली.

“इथं जम बसला तर राहीन. नाही बसला तर पाडवा झाला की गाडी धरीन.”

“अन् आमी?”

“तुम्ही आहातच की इथं.”

ती पीठ मळत होती, मळत राहिली. बऱ्याच वेळाने तिने विचारले, “जम बसला हे कशावरून समजायचं?”

“माणसं यायला लागली म्हणजे समजायचं.”

“कोनती बी माणसं?”

“माणसं ती माणसं. हॉटेल भरलं पाहिजे.”

तिने मान हलवली. एवढ्या साध्या गोष्टीवर तिचा अर्धा तास गेला, आणि पीठ इतके मळले गेले होते की भाकरीऐवजी पोळ्या लाटता आल्या असत्या.

१४ जानेवारी १९३७, संक्रांत

एक समाधानाची गोष्ट लिहून ठेवतो. गावात माझे नाव होऊ लागले आहे. रस्त्याने चाललो की अनोळखी खेडुतही रामराम घालतात. काल जवळा बाजार गावचा एक माणूस बैलगाडी थांबवून म्हणाला, “महाराज, लई गोड हात हाय बगा तुमच्या घरचा.” मी त्याला कधी हॉटेलात पाहिल्याचे आठवत नाही, पण सोलकढीची कीर्ती अशी तोंडातोंडीच जायची. माणसे अजून आत येत नाहीत ते संकोचामुळे. टेबल पाहून बुजतात.

घरचे मात्र काही विचारू नका. सरलाने माळ्यावरचे लग्नकार्यातले मोठे पातेले खाली काढून घेतले आहे. कशाला, तर म्हणे धुणे भिजवायला. तिच्या हातांना सारखा लसणाचा वास येतो. मागच्या अंगणातले गवत पार गेले, जमीन खळ्यासारखी टणक झाली आहे, बहुधा शेजाऱ्यांच्या शेळ्या. कोठीत जवारीची दोन पोती, तुरीची डाळ आणि हळकुंडे दिसली. गंगूताईला विचारले, कोणी पाठवले? “आलं कुठून तरी,” म्हणाली. तिच्या सासरचे सेनगावकडे असतात, त्यांनाच आता कुठे तिची आठवण झालेली दिसते.

१६ फेब्रुवारी

आज दार लावून लिहितो.

वेळशेतचे एक व्यापारी, आम्ही त्यांना शेटजी म्हणायचो, हळद घ्यायला हिंगोलीच्या बाजारात आले होते. पाटीवर समुद्राचे नाव पाहून आत आले. सागरदर्शनच्या दिवाणखान्यात नेहमी खिडकीजवळ बसणारे गृहस्थ. मी टेबलावर धुतलेली चादर घातली, सोलकढी ठेवली, घावन ठेवले, हात पुसून उभा राहिलो. म्हटले, हिंगोलीत इतक्या दिवसांनी एक तरी तोंड आले ज्याला चव कळते.

त्यांनी एक घोट घेतला. “नारळ कधीचा?” म्हणाले. मग पेला बाजूला सारला आणि नाक वर करून विचारले, “हा वास कसला येतोय?”

मला कसलाच वास येत नव्हता, म्हणजे रोजचाच येत होता. शेटजी उठले आणि सरळ स्वयंपाकघरातून मागे गेले. मी मागोमाग.

अंगणात लिंबाखाली चाळीसेक माणसे दोन रांगांनी बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर सोडलेले फडके, फडक्यात भाकर, पुढे पळसाचा द्रोण. धुणे भिजवायच्या पातेल्यात येसर, म्हणजे भाजल्या मसाल्याचे पीठ, घातलेली तुरीची आमटी, वर बोटभर लाल तर्री. सरला पदर खोचून वाढत होती. गंगूताई कोपऱ्यात बसून कोणाकडून ओंजळभर जवारी, कोणाकडून चार हळकुंडे घेत होती. ग्यानबा रांगा लावत होता. आणि दुसऱ्या रांगेत, माझ्याच अंगणात, स्टेशनासमोरचा भावसिंग बसला होता.

शेटजी चपला काढून रांगेत बसले. त्यांच्याजवळ भाकर नव्हती, तर ग्यानबाने आपली मोडून अर्धी दिली. त्यांच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होते आणि तरी ते द्रोण पुढे करत होते. तिसऱ्या द्रोणानंतर त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिले.

“अरे, तू नळावरचा विश्वंभर ना? भांडी घासायचास तो? तरीच म्हटलं, चेहरा ओळखीचा वाटतोय, पण पुढं दिवाणखान्यात कधी पाहिला नाही.”

सगळ्यांनी ऐकले. सरलाची पळी हातातच थांबली. मग तिने पुढच्या माणसाला वाढले.

या वहीत मी खोटे लिहिलेले नाही. एक बशी माझ्या हाताखालून गेल्याशिवाय टेबलावर जात नसे, हे आजही तसेच्या तसे म्हणतो. नळाच्या पुढे भिंत होती, हेही खरे. समुद्र रोज ऐकू यायचा. पाहायला मिळायचा तो एकादशीला, अर्ध्या दिवसाच्या सुटीत. जेवायला रोज उरलेला भात. सहा वर्षांत भाकर एकदाही नाही.

१७ फेब्रुवारी

सकाळी दोघींना समोर उभे केले. म्हणालो, माझ्या हॉटेलाची तुम्ही धर्मशाळा केली. पुढच्या दाराला पाटी लावायची मी, आणि मागच्या दाराने ती पुसायची तुम्ही.

सरला खाली बघत म्हणाली, “माणसं यायला पाहिजे होती नं? आली.”

“ही माणसं?”

“कोनती बी माणसं, मी इचारलं होतं.”

गंगूताईने सगळा राग बाहेर काढला. “इसू, तुझ्या टेबलावरची चादर ह्याच माणसाईच्या जवारीवर धुतली जाऊन राहिली. तुझा नारळ बी त्याईच्याच हळदीवर येऊन राहिला. सहा वर्सं ही पोरगी दारात उभी होती, ते तुला दिसलं न्हाई. आता पातेलं दिसलं व्हय?”

याला बोलणे म्हणत नाहीत, भांडण म्हणतात. मी सरळ मॅनेजरसाहेबांना कार्ड टाकले: पाडवा करून निघतो.

सरलाला ते सांगितले. ती म्हणाली, “बराबर हाय.” नेहमी ती असे म्हणत नाही. मग लसूण सोलायला बसली आणि सोललेल्या पाकळ्या सालींत टाकत राहिली. मला वाईट वाटले. पण कार्ड टाकून झाले होते.

१२ मार्च

काल शिवरात्र. औंढ्याच्या यात्रेला जाणारी-येणारी माणसे परवापासून मागच्या अंगणात मावत नाहीत. काल उपासाचे शेंगदाण्याचे कालवण आणि भगर होती म्हणे. मी दिवसभर पुढे शिंगवाल्या खडकांखाली बसून होतो. पुढच्या दाराने फक्त एक म्हातारी आत आली. मला वाटले, आली. तिने विचारले, “बाबा, म्हागं जायचा रस्ता कुठून हाय?”

१२ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. ट्रंक बांधली. उद्याच्या पूर्णेच्या गाडीने निघतो. गावाने चांगल्या वस्तूला नाक मुरडले, त्याला माझा इलाज नाही. हे लोक आयुष्यभर फडकी सोडत बसतील.

सरला आज तीन वेळा काहीतरी विचारायला म्हणून आली. एकदा धोतरे किती ठेवली, एकदा तांब्या घेतला का, आणि तिसऱ्यांदा काहीच न विचारता गेली.

१३ एप्रिल

सकाळी निघताना पुढच्या दाराला कुलूप घातले. गंगूताईने किल्ली घेतली. सरलाने हातावर दही दिले आणि भाकरीचे फडके ट्रंकेवर ठेवले, अजून ऊन लागत होते.

“जातो,” मी म्हणालो.

“येतो म्हणावं, मेल्या,” गंगूताई ओरडली.

मी चपला घातल्या. सरला फक्त एवढे म्हणाली, “भूक लागली की सोडा. गाडीची वाट बघू नका.”

आज बाजार, स्टेशनावर तोबा गर्दी. इंजिनात काही बिघाड होता. गाडी उभी, पण कधी सुटेल ते मास्तरांनाही सांगता येईना. अकरा वाजले, बारा वाजले. भावसिंगने चहा पुढे केला, मी घेतला नाही. त्या चहापेक्षा भूक बरी. शेवटी बाकावर बसून फडके सोडले.

चार भाकरी. बाकी काही नाही. ठेचा नाही, कांदा नाही, मिठाचा खडा नाही. सहा वर्षांपूर्वी निघालो तेव्हा याच बाईने आठ दिवस पुरेल इतका ठेचा, लोणचे, शेंगदाण्याची चटणी, सगळे वेगवेगळ्या पुरचुंड्यांत बांधून दिले होते आणि प्रत्येकीला निराळ्या रंगाचा दोरा बांधला होता. आता नुसत्या भाकरी! डोके ठिकाणावर नाही, दुसरे काय. भर फलाटावर माझ्या मांडीवर सोडलेले फडके आणि पुढे कालवण नाही. साखऱ्याचा ग्यानबा आणि मी यांत बघणाऱ्याला काय फरक दिसत असेल?

भावसिंग बघतच होता. “महाराज, कोरडी भाकर घशाखाली कशी जाईल? चार पावलांवर तर कालवण हाय. गाडी हालायची न्हाई एवढ्यात. ट्रंकेवर मी ध्यान ठेवतो.”

त्याचे म्हणणे मला आवडले नाही, पण भूक लागली होती. फडके घेऊन निघालो. पुढच्या दाराला माझेच कुलूप, म्हणून बोळातून गेलो. अंगणात दोन्ही रांगा भरल्या होत्या. ग्यानबाने मला पाहिले आणि सरकून जागा केली. मी मांडी घालून बसलो.

सरला वाढत वाढत आली. मान वर केली नाही. माझ्या मांडीवरच्या फडक्याकडे पाहिले.

“भाकर आणली का?”

“आणली.”

तिने एक पळी वाढली. थांबली. आणखी एक वाढली. तेवढ्यात गाडीची शिटी झाली. रांगेतल्या कोणीही मान वर केली नाही. मी भाकर मोडली होती, घास कालवणात बुडवला होता, तो टाकून कसा उठणार? सरला पळी धरून माझ्यासमोर उभी राहिली. गाडीचा आवाज लांब जाऊन पुरता बंद झाला तेव्हा ती पुढच्या माणसाकडे गेली. मी चारही भाकरी खाल्ल्या. कालवणात मीठ अंमळ जास्त होते.

ट्रंक भावसिंगने डोक्यावरून आणून दिली. चहा घेणार का, म्हणाला. घेतला. वाईट होता.

मॅनेजरसाहेबांना उद्या कार्ड टाकतो. असे लिहायचे आहे: येण्याची फार इच्छा होती, परंतु कुटुंब अलीकडे फार विसरभोळे झाले आहे, प्रवासाला निघालेल्या माणसाबरोबर साधे कालवण बांधायचे तिच्या लक्षात राहत नाही. अशा बाईवर एवढा व्याप टाकून येणे बरे दिसणार नाही. जागा दुसऱ्याला द्यावी.

संध्याकाळी सरला ते मोठे पातेले घासायला बसली. ती तळाची खरवड तशीच ठेवते, आणि कडेला राख लावते, मधे तर लावतच नाही. मला बघवेना. तिच्या हातातून पातेले घेतले आणि मीच घासून दिले, आतून-बाहेरून, सागरदर्शनला घासायचो तसे. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती आणि पदर तोंडाला लावून हसत होती. पातेले घासण्यात हसण्यासारखे काय होते, ते मला कळले नाही.